रावेत रेंजर्स आणि न हललेली पूजा

४ सप्टेंबर २०२५

ही डायरी साधनाने, म्हणजे माझ्या सुनेने, जानेवारीतच दिली होती. बँकेची आहे. म्हणाली, "आप्पा, सगळ्या काळज्या यात लिहायच्या. जेवताना सांगायच्या नाहीत." मी तेव्हा रागाने लिहिलं नाही. पण आज डॉक्टरही तेच म्हणाला, आणि त्याची फी दिलेली असल्यामुळे बसलो. माझं शिक्षण सातवी, तेही दोनदा बसून. चुकलं तर शाळेला विचारावं.

आजची काळजी जाळीची. गॅलरीला कबुतरांची जाळी लावून घेतली. लावणारा पोरगा सारखा फोनवर बोलत होता. त्याने खिळे नीट ठोकले असतील का? वाऱ्याने जाळी सुटून खाली कोणाच्या डोक्यावर पडली तर नाव माझंच येणार.

जाळी लागली ती वरच्या मजल्यामुळे. वर अण्णासाहेब राहतो. आम्ही दोघं रावेतचेच, वर्गातही एका बाकावर होतो, पण आता बोलत नाही. दोघांच्या जमिनी एकाच बिल्डरला गेल्या आणि फ्लॅट एकाच बिल्डिंगमध्ये मिळाले. बोलणं नाही हे बिल्डरला कोणी सांगितलं नव्हतं. दर दसऱ्याला सकाळी अण्णासाहेब वरून आमच्या गॅलरीत मूठभर तांदूळ टाकतो. मग दिवाळीपर्यंत कबुतरं हलत नाहीत. मुद्दाम करतो. तांदूळही कसले, लालसर. रेशनचे असतील. यंदा टाकू दे म्हणावं.

१० सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे आणि मी मेलो असल्याचं आज कळलं.

दुपारी बेल वाजली. दारात एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी म्हणाली, "सोपानरावांच्या घरच्यांना भेटायचं होतं."

"मीच सोपानराव."

मुलगी चपलांच्या कपाटावर बसली. मुलाने माझ्या पाया पडायला वाकून मधेच थांबून माझा पाय चाचपून बघितला. मला वाटलं, विमा विकणारे असतील. हल्ली कसेही येतात. मी इंद्रायणीला, म्हणजे बायकोला, हाक मारली. ती मला घाबरत नाही, पण लोक तिला घाबरतात.

मुलगी ऋता. हिंजवडीला कंप्युटरवर काम करते, राहते इथेच रावेतला. मुलगा वरद, चाकणला स्प्रिंगांच्या कंपनीत इंजिनिअर. वरदला कुदळवाडीच्या भंगारात एक कॅसेट सापडली. ती आमची निघाली. 'रावेत रेंजर्स', पहिली आणि शेवटची कॅसेट. ती त्यांनी इंटरनेटवर टाकली आणि आता म्हणे जगभर आमचे चाहते आहेत. एक नाशिकला आहे, एक जर्मनीत.

मग ऋताने फोनवर त्यांचं पान दाखवलं. त्यावर आमचा तिघांचा फोटो, खाली पेटता दिवा आणि "तिन्ही कलावंतांच्या स्मृतीस". मी, अण्णासाहेब आणि सोनबा. सोनबा पत्र्याचं पिंप वाजवायचा. तो खरंच गेला आहे, तेवढं बरोबर होतं.

"आमाला कुणी काय कळीवलंच न्हाई," इंद्रायणी म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. तिथल्या बाईने हे पान पाहिलं तर? मी समोर उभा राहून काय उपयोग, ती कंप्युटर बघते. मी म्हटलं, आधी मला जिवंत करा, मग बोलू. वरदने तिथल्या तिथे माझं नाव दिव्यातून काढलं.

जाताना ऋताने विचारलं, "सर, अण्णासाहेब कधी गेले?"

नेमकी त्याच वेळी वर खुर्ची सरकली. मी म्हटलं, मला माहीत नाही. हे खोटं नाही. तो गेलेलाच नाही, तर कधी गेला हे मला कसं माहीत असणार?

१२ सप्टेंबर

दोघं परत आली. बरोबर माइक. मला सर म्हणतात, त्याने अंगावर काटा येतो. सर म्हटलं की मला छडी आठवते.

त्यांनी पहिल्यापासून सांगायला लावलं. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरला आम्ही तिघं पिंपरीच्या कंपनीत लागलो. तिथे मशीन बसवायला एक अमेरिकन इंजिनिअर आला होता, तो जाताना अण्णाला एक कॅसेट देऊन गेला. गाणी सगळी शेत, घोडा, ट्रक आणि सोडून गेलेली बायको यांची. आम्हाला वाटलं, हे तर आपल्या मावळातलंच आहे, फक्त इथे बायको सोडून जात नाही, बोलते. मग अण्णाने लग्नाच्या वरातीत वाजतो तो बेंजो घेतला, मी गिटार घेतली, आणि आम्ही मराठीत तसली गाणी करायला लागलो. ऋता याला कंट्री रॉक म्हणते. आम्ही काहीच म्हणत नव्हतो. शिफ्ट सुटल्यावर वाजवायचो.

मी म्हटलं, पहिलं गाणं 'सायरन झाला गं'.

वरद म्हणाला, "नाही सर, पहिलं 'काल या शेतात'. आम्ही तारखा लावल्यात."

"अरे, मी केलंय ते."

"हो सर, पण तुमचा गोंधळ होतोय."

असेल. मग त्याने विचारलं की 'काल या शेतात'मध्ये मागे जे ढप-ढप वाजतं ते एवढ्या धाडसाने कसं सुचलं. ते सुचलं नव्हतं. रेकॉर्डिंग कंपनीच्या मागच्या शेडमध्ये केलं आणि शेजारी पॉवर प्रेस चालू होता. आणि तिसऱ्या गाण्यात जी शांतता आहे, जिच्यावर जर्मनीच्या माणसाने तीन पानं लिहिलीत, तिथे वॉचमन आला होता, म्हणून आम्ही टेबलाखाली बसलो होतो. हे मी सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ऋताचे डोळे भरून आले. म्हणाली, "म्हणजे फॅक्टरी हीच बँडची चौथी मेंबर होती."

हिला घरी ओरडत नसतील का कोणी.

मग ते गाणं तिने फोनवर लावलं.

काल या शेतात होता माझा बैल,
आज त्याच जागी सांडलंय तेल.

आवाज माझाच. काय आवाज होता. इंद्रायणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि गाणं संपल्यावर म्हणाली, "बेंजो किती ग्वाड वाजलाय." माझ्या आवाजाबद्दल काही नाही.

१३ सप्टेंबर

कालचं लिहायचं राहिलं ते. ही पोरं फक्त सुरुवातीची वर्षं मानतात. नंतर अण्णाने कीबोर्ड घेतला, 'अण्णासाहेब अँड पार्टी' काढली, मावळातली एक हळद सोडली नाही, पैसा केला. वरद म्हणाला, "सर, नंतरचं सगळं कचरा आहे. तुम्ही गेलात आणि आत्मा गेला."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. पण ऐकल्यावर बरं वाटायचं ते वाटलंच नाही. मी म्हटलं, कचरा कसा? माणूस पहाटे तीनपर्यंत वाजवून सकाळच्या शिफ्टला हजर असायचा. त्याच्या बेंजोवर नवरदेवाचा घोडा थांबून ऐकायचा. तुम्ही ऐकलंय का त्याला समोर बसून?

ऋता म्हणाली, "म्हणजे तुमचं प्रेम होतं त्यांच्यावर."

मी म्हटलं, बीपीची गोळी घ्यायची वेळ झाली.

१७ सप्टेंबर

वर आवाज नाही.

एरवी सकाळी अण्णा खाकरतो, मग गॅलरीपर्यंत चालत जातो, परत येतो. चप्पल फटक-फटक वाजते. मला त्याचा त्रासच आहे. पण काल सकाळपासून फटक-फटक नाही. त्या पानावर त्याच्या नावापुढे अजून दिवा पेटलेला आहे. मी विझवायला सांगितला नाही. पितृपक्षात असलं चालू ठेवणं बरं नव्हे. काही झालं तर ते माझ्यामुळे.

साधनाला म्हटलं, वर जरा बघून ये. ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, सहज. ती म्हणाली, "आप्पा, सहज असेल तर तुम्हीच जा."

शेवटी जिन्याने गेलो. लिफ्टचा आवाज होतो. त्याच्या दाराला कान लावला. आत काही नाही. अजून नीट लावला, तेवढ्यात दार उघडलं.

अण्णा समोर. जिवंत. हातात दुधाची पिशवी. केस पार गेलेत. पायात नवी चप्पल, स्पंजसारखी, अजिबात न वाजणारी.

काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "पाणी येतंय का?"

"येतंय," तो म्हणाला.

"बरं," म्हणून मी खाली आलो.

चाळीस-बेचाळीस वर्षांनी बोललो ते पाण्याबद्दल. संध्याकाळी ऋताला फोन करून सांगितलं, अण्णासाहेबांचा दिवा विझवा. ते वरच्या मजल्यावर राहतात. ती म्हणाली, "सर, आम्ही दोनदा तुमच्या घरी येऊन गेलो."

मी म्हटलं, तुम्ही वरचं विचारलंच नाही.

२१ सप्टेंबर

बेत असा ठरला आहे. पोरांनीच ठरवला. एक ऑक्टोबरला खंडेनवमी. वरदच्या कंपनीत त्या दिवशी मशीनं धुऊन-पुसून पूजा करतात, कामगारांच्या घरचे येतात, नंतर कँटीनमध्ये कार्यक्रम. तिथे रावेत रेंजर्सनी वाजवायचं. पुण्या-मुंबईहून चाहते येणार आहेत. नाशिकचा तर येणारच.

मी म्हटलं, गिटार वाजवता येणार नाही.

ऋता म्हणाली, "बोटं दुखतात का?"

मग सांगावंच लागलं. त्र्याऐंशीच्या खंडेनवमीला आमच्या कंपनीत संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता. सकाळी सगळ्यांनी आपापली हत्यारं पूजेत मांडली. मी चहाला गेलो आणि अण्णाने माझी गिटार पाटावर ठेवून तिलाही हळद-कुंकू वाहिलं, वर नारळ फोडला. एकदा पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याला पूजा हलेपर्यंत कोणी हातात घेत नाही, हे पोरालाही कळतं. संध्याकाळी मी रिकामा. अण्णाने साहेबाच्या मेव्हण्याचा कीबोर्ड घेतला आणि एकट्याने कार्यक्रम केला. लोक नाचले. मी पहिल्या रांगेत बसून बघितलं.

दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून पूजा हलवायची तर ज्याने मांडली त्याने हलवायची. मी म्हटलं, तो येईल. तो म्हणाला असेल, हा बोलावील. तो आला नाही. मी पाटासकट गिटार घरी आणली आणि माळ्यावर ठेवली. तिथून या फ्लॅटच्या माळ्यावर. पूजा हललेली नाही. मग हात कसा लावणार?

ऋताने विचारलं, "चाळीस वर्षं गिटार पूजेत आहे?"

"व्हय," इंद्रायणी आतून म्हणाली. "आनि त्या माळ्यावर मला पापडाचा डबा ठिवता येत न्हाई."

२३ सप्टेंबर

काल घट बसले. आज ऋता दिवसभर लिफ्टने वर-खाली करत होती. मी म्हटलं, अण्णाला सांग, खाली ये आणि हलव. वरून निरोप आला, "ती पूजा केव्हाच हललीय म्हणावं."

मी म्हटलं, माझ्या घरात पाऊल न टाकता कशी हलली?

निरोप आला, "हललीय म्हणजे हललीय."

खोटारडा. लहानपणी गोट्यांमध्येही असंच करायचा. वाजवायला मात्र तयार आहे. बेंजो आठवड्यापूर्वीच पेटीतून काढून पुसून ठेवलाय, असं ऋता म्हणाली. म्हणजे कोणी विचारायच्या आधीच. मला हे काही कळलं नाही.

२६ सप्टेंबर

बोटांना सराव पाहिजे. गिटारला हात लावता येत नाही म्हणून लाटण्यावर करतो. लाटणं डाव्या हातात धरून बोटं दाबायची. चार सूर आठवले, पाचवा आठवत नाही. इंद्रायणी पोळ्या करायला आली आणि म्हणाली, "तुमचा कारेक्रम झाला आसंल तर द्या हिकडं."

वरदने गिटारच्या नव्या तारा आणल्या आहेत. त्या बसवायच्या तरी हात लावावा लागणार. तारांचं पाकीट माळ्यावर गिटारच्या शेजारी ठेवलं. मग वाटलं, तेही आता पूजेत गेलं की काय.

२९ सप्टेंबर

झोप नाही. लोक हसतील. आवाज फुटेल. दाताची कवळी सुटेल. जर्मनीचा माणूस फोनवरून बघणार आहे, त्याने तीन पानं लिहिलीत, आता बघून तीन पानं मागे घेईल. आणि सगळ्यात मोठी काळजी, अण्णा शेजारी बसला की मी कुठे बघायचं?

३० सप्टेंबर

मार्ग काढला. गिटार पाटासकट, कुंकवासकट, आहे तशी चाकणला न्यायची. तिथे सगळ्यांसमोर अण्णाला अक्षता टाकायला सांगायचं. नाही म्हणायची सोय नाही. अजिंक्यने, म्हणजे मुलाने, माळ्यावरून पाट उतरवला. नुसता पाट धरला, गिटारला बोट लागू दिलं नाही. हळद काळी पडली आहे. तारा दोनच आहेत. झेंडूची एक वाळकी पाकळी अजून भोकाच्या कडेला चिकटलेली आहे. इतकं सामान तीन ठिकाणी हललं, पण ती पाकळी पडली नाही.

इंद्रायणीने माळा झाडला आणि लगेच पापडाचा डबा ठेवला. म्हणाली, "आता परत आणू नगा."

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

जे झालं ते तसंच लिहितो.

वरद गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर मी एका खिडकीशी, अण्णा दुसऱ्या, मधे पाट. अण्णाने मांडीवरचा बेंजो बाजूला ठेवून गिटारला सीटबेल्ट लावला. बेल्टला हात लावला, गिटारला नाही. म्हणजे पूजा हललेली नाही हे त्यालाही माहीत आहे.

तळवड्याला ट्रॅफिक लागलं. पुढे ट्रक, मागे ट्रक, अर्धा तास गाडी जागची हलेना. शेवटी अण्णा म्हणाला, "जाळी लावलीस व्हय."

"लावली. कबुतरांचा लय तरास."

"मग आता तांदूळ कसं पडायचं?" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

म्हणजे टाकतो हे तोंडाने कबूल केलं. लाज नावाची गोष्ट नाही. मी दुसऱ्या खिडकीबाहेर बघितलं.

कंपनीत पोचल्यावर आमच्या डोक्यावर पिवळी हेल्मेटं ठेवली, पायात पुढे लोखंड असलेले बूट दिले. माझा बूट दोन नंबर मोठा. मग एका मॅडमनी चहाला नेलं. वरद म्हणाला, "सर, तुम्ही निवांत चहा घ्या, वाद्यांचं आम्ही बघतो."

मी बिस्किट खाल्लं, अण्णाने दोन खाल्ली. परत आलो.

शेडमध्ये मशीनं ओळीने उभी. धुतलेली, पुसलेली, प्रत्येकाला झेंडूचं तोरण. पुढे लांब टेबलावर नट-बोल्टचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, मोजमापाची हत्यारं आणि कँटीनचा मोठा झारासुद्धा. आणि सगळ्याच्या मधोमध, मानाच्या जागी, गिटार आणि बेंजो. ताजं हळद-कुंकू, ताजे हार, पुढे फुटलेला नारळ. आरती नुकतीच झाली होती. कापराचा धूर अजून होता.

वरद हात जोडून उभा होता. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "सर, कुंकू लावलेला पाट बघून पूजा मांडणाऱ्या मॅडमना वाटलं, पूजेसाठीच आणलाय. मग मी म्हटलं, बेंजोही मांडू. रावेत रेंजर्सच्या वाद्यांची पूजा माझ्या हातून झाली."

मी अण्णाकडे बघितलं. अण्णाने माझ्याकडे. आज पहिल्यांदाच नीट.

"झालं का आता," अण्णा म्हणाला.

ऋताच्या लक्षात आलं. "वरद, अरे, आता उद्यापर्यंत हात लावता येणार नाही."

कँटीनमध्ये माणसं बसली होती. नाशिकचा तर फेटा बांधून आला होता. वरद म्हणाला, "एक दिवस चालेल ना सर, कोण बघतंय?" त्यावर मागे उभा असलेला एक वयस्क फिटर म्हणाला, "सायेब, सकाळपासून आमी आमच्या पान्याला हात लावला न्हाई. ह्यांनी गिटारला लावायचा व्हय?" सगळ्या कामगारांनी माना हलवल्या. विषय संपला.

मला तेच दिसत होतं, त्र्याऐंशीचं. पहिल्या रांगेत बसायचं आणि दुसऱ्याचं बघायचं. फरक एवढाच की आज अण्णाही रिकामा होता. आम्ही कँटीनच्या स्टेजवर दोन खुर्च्यांवर बसलो, हेल्मेट घालून, हात मांडीवर.

लोक बघायला लागले. कोणीतरी खोकलं. आणि अण्णाने तोंडाने सुरुवात केली.

"टिणिंग टिणिंग टिणिडिणि टिणिंग."

'काल या शेतात'चीच सुरुवात. एकही सूर चुकला नाही. बोटं मांडीवर पळत होती. मला हसू यायला लागलं. मग पुढे गिटार यायची वेळ झाली. अण्णा माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागला. मी म्हटलं, "ढँव." आधी हळू. मग, "ढँव ढँव ढढँव." पाचवा सूर लाटण्यावर आठवत नव्हता तो तोंडातून आपोआप आला. सोनबाचं पिंप कोणी वाजवायचं हा प्रश्न होता. त्या फिटरने बूट आपटायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच. लोखंडाचे बूट, ढप, ढप, ढप. अगदी आमच्या पॉवर प्रेससारखं.

आम्ही गायलो. माझा आवाज दोनदा फुटला, कवळी एकदा सुटली. अण्णाने ते तोंडच्या बेंजोने झाकून घेतलं, पूर्वीही झाकायचा.

शेवटी नाशिकचा माणूस रडत स्टेजवर आला आणि म्हणाला, ही रेंजर्सची सुरुवातीच्याही आधीची वर्षं आहेत. जर्मनीवाला फोनवरून काहीतरी म्हणत होता. त्याने तीन पानं मागे घेतली की नाही, कळलं नाही.

गाडीत बसताना अण्णा म्हणाला, "खालची पूजा माझी, वरची ह्या पोराची. उद्या दोघांना यावं लागतंय. तू येतोस का?"

मी म्हटलं, "माझं काय काम?"

"ये की."

"बघतो," मी म्हटलं. जाणार आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

आज कंपनी बंद. फाटकावरचा वॉचमन आत सोडेना. कशाला आलात विचारलं तर वरद म्हणाला, "अक्षता टाकायला." वॉचमनने रजिस्टरमध्ये 'मेंटेनन्स' लिहिलं आणि आम्हाला परत हेल्मेटं दिली.

आधी वरदने त्याची पूजा हलवली. त्याला काही येत नव्हतं. अण्णाने शिकवलं, पोरा, अक्षता टाक, हात जोड, मग पाट थोडा सरकव. मग अण्णा पुढे झाला. शर्टाच्या खिशातून त्याने कागदाची पुडी काढली. उघडली. मूठभर तांदूळ, कुंकू लावलेले. लालसर.

मी ते तांदूळ बघितले. असे तांदूळ मी दर दसऱ्याला झाडूने गोळा करून कुंडीत टाकतो.

अण्णाने अक्षता गिटारवर टाकल्या. म्हणाला, "दरसाल वरनं टाकायचो. पोचतंय का न्हाई कळत नव्हतं. आज जवळनं टाकल्या."

माझं हेल्मेट डोळ्यांवर आलं होतं. ते तसंच राहू दिलं.

मग तो म्हणाला, "घे. हलली." मी गिटारची मान धरून उचलली. मान हातात आली. खोका पाटावरच राहिला. डिंक केव्हाच सुकलेला होता. वरदने तोंडावर हात ठेवला. अण्णा खोक्याकडे बघत म्हणाला, "हलली म्हंजी चांगलीच हलली," आणि हसायला लागला. मग मीही. वॉचमन बघायला आला.

परतताना अण्णाने मला आपट्याचं पान दिलं. मी घरून आणायला विसरलो होतो, म्हणून तेच पान त्याला परत दिलं.

घरी आल्या आल्या अजिंक्यला म्हटलं, गॅलरीची जाळी काढून टाक.

तो म्हणाला, "आप्पा, महिना नाही झाला लावून. कबुतरं?"

"येऊ दे."

साधनाने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. जाळी निघाली. खिळे त्या पोराने अगदी नीट ठोकलेले होते, निघता निघेनात. उगाच काळजी केली.

आता वर फटक-फटक ऐकू येतंय. अण्णाने जुनी चप्पल परत काढलेली दिसते.

एक काळजी मात्र राहिली. गिटार मोडली. पुढच्या खंडेनवमीला अण्णाने माझं काय पूजेत मांडायचं? काही मांडलं नाही तर दसऱ्याला अण्णा वरून अक्षता टाकणार कशावर? मला वाटतं, लाटणं मांडावं. सराव त्याच्यावरच झाला आहे. इंद्रायणीला विचारलं नाही अजून. लाटणं पूजेत गेलं तर दसऱ्याला पुरणपोळी होणार नाही, आणि ते हलवायला अण्णा वेळेवर खाली आला नाही तर काय, हे मला माहीत आहे.